शिवेवरची जोडी

वायरापाम्पा गावाचा प्रमुख इलारियो याला एक खोड होती. वाईट बातमी सांगायची असली की तो आधी डोक्यावरची टोपी काढायचा आणि मग आवाजात मध कालवायचा. त्या दिवशी देवळापुढच्या पटांगणात सगळा गाव जमला होता. इलारियोनं टोपी काढली आणि तो सेबेरिनाकडे वळला.

"सेबेरिना, बाई गं," तो म्हणाला, "तुझा नवरा आन्सेल्मो गेला त्याचं दुःख सगळ्या गावाला आहे. पण शिवेची फेरी आज निघायची. तुझ्या घरातून चालणार कोण? घरात गडी नाही म्हणजे फेरी नाही. फेरी नाही म्हणजे कुरण नाही. हा काही माझा कायदा नव्हे, बापजाद्यांचा आहे."

कायदा बापजाद्यांचा खरा, पण सेबेरिनाचं कुरण नेमकं इलारियोच्या कुरणाला लागून होतं, हे तो सांगायचा विसरला. ते पाणथळ कुरण असं, की वरचं सगळं इचू गवत थंडीनं जळून पिवळं पडलं तरी तिथं हिरवं राहायचं. तिचे अल्पाका त्यावरच जगत. कुरण गेलं की अल्पाका गेले, अल्पाका गेले की लोकर गेली, आणि मग खाली किनाऱ्यावरच्या शहरात बहिणीच्या दारात भांडी घासत मरायचं. सेबेरिनाला हे सगळं त्या एका क्षणात दिसलं आणि दुःखाऐवजी संतापच आला.

"मी चालेन," ती म्हणाली.

पटांगण हसलं. मागून कोणीतरी ओरडलं, "आणि चढावर धाप लागली म्हणजे?"

"तर बसेन. गेल्या वर्षी तुला गाढवावर आडवा घालून आणला, तेव्हा आम्ही हसलो का?"

आता पटांगण दुसऱ्या बाजूनं हसलं. इलारियो मात्र हसला नाही. "चाल की," तो म्हणाला. "तुझं बोचकं उचलणारा गडी आण आणि खुशाल चाल."

घोडं तिथंच अडलं होतं. आमच्याकडे शिवेची फेरी कोणी एकटा चालत नाही. दोन घरांची जोडी चालते, आणि पाठीवर आपलं बोचकं घ्यायचं नाही, जोडीदाराचं घ्यायचं. त्याचं पांघरूण, त्याचा भाजलेला मका, त्याची चघळायची कोकाची पानं, सगळं आपल्या पाठीवर आणि आपलं त्याच्या. म्हणजे कोणी कोणाला टाकून पळत नाही, पळाला तर रात्री उपाशी आणि उघडा तोच पडतो. शिवाय एखाद्याचं बोचकं पाठीवर घेणं म्हणजे हे घर आहे, याची चूल पेटते, असं सगळ्या गावादेखत कबूल करणं. जोड्या डोंगराडोंगरानं गावाची शीव फिरतात, प्रत्येक दगडांच्या ढिगावर आपापला दगड ठेवतात, डोंगराला पानं वाहतात. शेवटच्या ढिगाशी प्रमुख शंख फुंकतो. शंख झाला की वर्षभरापुरती शीव मिटली.

सेबेरिनानं गर्दीवरून नजर फिरवली. एकेकाला आपल्या पायातल्या चपला अचानक फार बघण्यासारख्या वाटू लागल्या. आन्सेल्मोचा सख्खा चुलतभाऊसुद्धा आभाळाकडे बघत राहिला.

आणि मग गर्दीतून फौस्ता पुढे आली.

फौस्ता आणि सेबेरिना एकमेकींशी बोलत नव्हत्या, याला बरीच वर्षं झाली होती. एका लग्नात सेबेरिनानं गोठवून सुकवलेल्या बटाट्यांचा रस्सा वाढला होता आणि फौस्ता भर पंगतीत म्हणाली होती, "या बटाट्यांना पायांचा वास येतो." आता बटाटे सगळेच जण दहिवरात गोठवतात आणि अनवाणी पायांनीच तुडवतात. पण पाय कोणाचे, हे असं चारचौघांत काढत नाहीत. तेव्हापासून दोघी एकमेकींना पाहिलं की रस्ता बदलायच्या.

फौस्तानं आपलं बोचकं सेबेरिनाच्या पायाशी धाडकन टाकलं. "उचल. तुझं बांधून इकडं दे."

"तू? माझ्याबरोबर?"

"तू मला आवडत नाहीस," फौस्ता म्हणाली. "पण हा इलारियो तुझ्याहून कमी आवडतो. आज तुझं कुरण, उद्या माझं." फौस्ताचा नवरा खाणीत कामाला गेला तो परत फिरकलाच नव्हता. त्याच्या नावानं त्याचा भाऊ फेरी चालायचा, आणि हल्ली तो फौस्ताच्या कुरणात पावलं टाकून लांबी-रुंदी बघायला लागला होता.

"दोन बायकांची जोडी होत नाही," इलारियो म्हणाला.

"असं कोण म्हणालं?"

बापजादे तसं कधी म्हणाले नव्हते, कारण त्यांना कोणी विचारलंच नव्हतं. इलारियोनं टोपी डोक्यावर चढवली. "या हवं तर मागनं," तो म्हणाला. "पहिल्या चढालाच परत फिरतील," असं त्यानं शेजारच्याला मोठ्यानं सांगितलं. हो म्हणाला नाही आणि नाहीही म्हणाला नाही. सुंठीवाचून खोकला जाणार असेल तर कशाला बोलून वाईट व्हा, असा त्याचा हिशेब.

फेरी निघाली. पहिल्या चढाला त्या परत फिरल्या नाहीत. भांडल्या मात्र भरपूर.

"यात काय धोंडे भरलेस?" सेबेरिना धापा टाकत म्हणाली. चादरीची गाठ तिच्या छातीवर काचत होती.

"चीज आहे. घरचं. तुझ्या बोचक्यात काय आहे ते विचारू नकोस, मला वासावरून कळलंय."

"नाक एवढं तिखट आहे तर नवरा कुठं गेला तेही हुंगून काढायचंस."

"काढलं असतं," फौस्ता म्हणाली, "पण वास आवडला नसता."

यावर सेबेरिनाला हसू आलं आणि ते दाबताना तिला खोकला लागला. उंचावर हसणं परवडत नाही.

पुरुष पुढे होते. दर ढिगाशी ते दगड ठेवत, पानं वाहत, घोट घेत, आणि या दोघी खालच्या वळणावर दिसल्या की लगेच उठून चालू लागत. विसावा म्हणून मिळायचा नाही. सेबेरिना दर ढिगावर आपला दगड ठेवायची आणि ठेवताना मोठ्यानं म्हणायची, "सेबेरिनाच्या घरचा." ऐकायला डोंगराशिवाय कोणी नसायचं. तरी म्हणायची.

तळ्यावरच्या खिंडीत गारांनी गाठलं. आधी वारा पडला, मग आभाळ एकदम खाली आलं, आणि मटाराएवढ्या गारांनी पायवाट पांढरी करून टाकली. खिंडीतला ढीग हाताच्या अंतरावर असताना फौस्ताचा पाय घसरला. ती पाठीवरच्या बोचक्यासकट एका बाजूला पडली आणि तिचा गुडघा नको तिकडे वळला. ती ओरडली नाही. एक शिवी हासडली आणि गप्प झाली, त्यावरूनच सेबेरिनाला दुखापत कळली.

शेजारी मेंढपाळांचा दगडी आडोसा होता. सेबेरिनानं तिला ओढत तिथं नेलं, गुडघा पट्ट्यानं आवळला. गारा थांबल्यावर पुढच्या डोंगरधारेवरून एक जण खाली उतरताना दिसला. इलारियोच होता. टोपी त्याच्या हातात होती.

"अरेरे," तो म्हणाला. "फौस्ताबाई, तू इथंच पडून राहा. मी गावात पोचलो की गाढव पाठवतो. सेबेरिना, तू चल. एकटी आलीस तरी तुझे दगड मी धरीन. कुरणाचं मग बसून बघू, मी काय राक्षस आहे?"

सेबेरिनानं धारेकडे पाहिलं. तासाभराची वाट. चालली तर कुरण वाचत होतं, निदान वाचण्याची आशा होती. ती साधी बाई होती, तिला मोह झाला.

"जा बाई," फौस्ता डोळे मिटून म्हणाली. "तुझ्या जागी मी असते तर गेले असते."

"माहीत आहे. म्हणूनच मी जात नाही." मग ती इलारियोकडे वळली. "हिचं बोचकं माझ्या पाठीवर आहे. मी गेले तर ही रात्री पांघरणार काय? तुझी टोपी?"

इलारियोच्या आवाजातला मध आटला. "मग बसा दोघी. शंख तुमच्यासाठी थांबायचा नाही."

आणि थांबला नाही. उन्हं कलायच्या आत पलीकडच्या डोंगरावरून शंखाचा लांब आवाज आला. फेरी मिटली होती. या दोघी अजून शिवेवर होत्या आणि त्यांच्यावाचून मिटली होती. सेबेरिना रडली. दुःखानं नव्हे, रागानं, आणि ते फौस्ताला कळावं म्हणून तसं म्हणालीही. फौस्तानं तिच्याकडे चीजचा मोठा तुकडा सरकवला. रात्र त्यांनी एकमेकींना चिकटून काढली. आदल्या दिवशी कोणी असं सांगितलं असतं तर दोघींनी त्याला बदडला असता.

सकाळी कोचामार्काची माणसं आली.

कोचामार्का म्हणजे शिवेपलीकडचं गाव. आमची फेरी झाली की दुसऱ्या दिवशी त्यांची माणसं ढीग बघून जातात, हा रिवाज आहे. त्यांचा प्रमुख मेल्चोर, ऐसपैस माणूस, पुढच्या दाताला सोनं. खिंडीखालच्या त्या तळ्यावर कोचामार्काचा डोळा त्याच्या आजोबांपासून होता. आडोशातल्या दोघींना बघून तो थबकला, मग अदबीनं उकिडवा बसला आणि त्यानं पिशवीतली पानं पुढे केली. पानं घेतल्याशिवाय बोलणं नाही. सेबेरिनानं घेतली.

"काल तुमचा शंख ऐकला," मेल्चोर म्हणाला. "आणि आज बघतो तर पाठीला बोचकी लावलेल्या दोन बाया ढिगाशी. तुम्ही वाटसरू, की फेरीतल्या?"

फौस्तानं सेबेरिनाचा हात घट्ट धरला. त्या प्रश्नात काय दडलंय ते दोघींना लख्ख कळलं. वाटसरू म्हटलं तर काही बिघडत नव्हतं. इलारियोचा शंख खरा, फेरी पुरी, शीव शाबूत. फक्त सेबेरिनाचं घर हे घर नव्हतं, आणि ते तिनं स्वतःच्या तोंडानं शेजारच्या गावासमोर कबूल केलं असं झालं असतं. आणि फेरीतल्या म्हटलं, तर एक जोडी शिवेवर असताना शंख फुंकला गेला. असा शंख खोटा. या ढिगापासून पुढे शीव उघडी, आणि उघड्या शिवेचा दगड शेजाऱ्यानं हलवला तर कोणी बोलू शकत नाही. तळं जायचं. सगळ्या गावाची गुरं जिथं पाणी पितात ते तळं. मग पुढच्या सात पिढ्या सेबेरिनाच्या नावानं बोटं मोडणार.

इलारियोनं बायकांना जोडी म्हणून मोजलंच नव्हतं, म्हणून त्यानं शंख फुंकला. स्वतःच्या मूर्खपणानं त्यानं गावाची वेस उघडी टाकली होती आणि आता ती झाकायची पाळी मात्र तिच्यावर आली होती. असंच असतं. सांडायचं त्यांनी आणि पुसायचं आपण. तिचे कान गरम झाले.

"फेरीतल्या," ती म्हणाली. "आम्ही जोडी आहोत."

"अगं!" फौस्ता पुटपुटली.

मेल्चोरचा सोन्याचा दात चमकला. "म्हणजे शंख खोटा."

"खोटा."

"म्हणजे शीव उघडी."

"आमची पाठ वळली की उघडी. अजून आम्ही इथं आहोत. फेरीतलं माणूस ढिगाशी उभं असताना दगडाला हात लावायचा नाही, हे तुमच्याकडे शिकवतात की नाही?"

मेल्चोर हसला. शिकवत होते. त्यानं एका गड्याला वायरापाम्पाला पिटाळलं, इलारियोला घेऊन ये म्हणून, आणि बाकीच्यांना समोर बसायला सांगितलं. "आम्हाला घाई नाही," तो म्हणाला. सेबेरिना ढिगाला पाठ लावून उभी राहिली.

बरोबर आलेल्या कोचामार्काच्या बायकांनी चूल मांडली. सुक्या मांसाच्या सारात पुदिना पडला आणि वास खिंडभर पसरला. मेल्चोरनं भरलेला वाडगा आणून सेबेरिनाच्या चार पावलांवर ठेवला. "नुसतं इकडं ये आणि पी," तो म्हणाला. "तेवढ्यानं काही तळं आटत नाही."

"पाठ वळली की दगड हलतो," सेबेरिना म्हणाली. "मला सार आवडतं, पण एवढंही नाही."

मेल्चोर खदखदून हसला, वाडगा उचलून त्यानं फौस्ताला नेऊन दिला, आणि फौस्तानं तो लंगडत येऊन सेबेरिनासमोर धरला. दोघी आळीपाळीनं प्यायल्या. मेल्चोरला ते आवडलेलं दिसलं. पण आवडलं म्हणून तळ्यावरचा डोळा काढणारा तो माणूस नव्हता.

डोक्यावर ऊन आलं तेव्हा इलारियो पोचला. मागे फेरीतले पंधरा-वीस जण, कालची नशा उतरलेली, सगळे धापा टाकत. टोपी काढायचंसुद्धा त्याला भान नव्हतं.

"या फेरीत नव्हत्या!" तो लांबूनच ओरडला. "नुसत्या मागनं आल्या होत्या. मेल्चोरदादा, बायका त्या, त्यांचं काय धरतोस!"

"तू सांगून काय उपयोग?" मेल्चोर म्हणाला. "बोचकं कोणाच्या पाठीवर आहे? तिनं सांगू दे."

इलारियो सेबेरिनाजवळ आला. त्याचा चेहरा पार उतरला होता आणि आवाज खरोखरच मऊ झाला होता. "सांग बाई. नुसतं वाटसरू होतो म्हण. गावाचं तळं आहे गं. तुझ्या आन्सेल्मोनंही इथं दगड ठेवलेत."

"म्हणून तर हलणार नाही."

"हट्टापायी गाव बुडवणार तू?"

मागचे पुरुष कुजबुजू लागले. सेबेरिनाला भीती वाटली, ती वाटतच होती सकाळपासून. पण भीती वाटली म्हणून माणूस आपण नाहीच असं म्हणतं का? काल एवढ्या सगळ्या ढिगांवर तिनं आपलं नाव घेतलं होतं. ते डोंगरांनी ऐकलं होतं, आता माणसांनी ऐकायची वेळ होती.

"गाव मी नाही बुडवत," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली. "जोडी उभी असताना शंख फुंकला त्यानं बुडवलं. पण मी इथं उभी आहे तोवर शीव हललेली नाही. फेरी इथनं पुढं चाला. माझ्याबरोबर चाला. शेवटच्या ढिगाशी पुन्हा शंख फुंका. मेल्चोरदादा, मग तुमचं काही म्हणणं?"

मेल्चोरनं थोडा वेळ दात कोरला. त्याला तळं हवं होतं. पण रिवाज मोडून हवं असतं, तर तो सकाळीच दगड उपटून मोकळा झाला असता. "सगळी फेरी मागं येऊन इथनं चालली, तर शंख खरा," तो म्हणाला. "पण जोडी मोडलीय. ती दुसरी बाई चालू शकत नाही. तिच्या पाठीवर तुझं बोचकं होतं. ते कोण उचलणार?"

मागचे पुरुष एकमेकांकडे बघू लागले.

सेबेरिनानं आपलं बोचकं आडोशातून आणलं आणि इलारियोच्या पायाशी ठेवलं.

"मी?" तो म्हणाला.

"दुसऱ्या कोणी उचललं, तर उद्या तू म्हणशील मला माहीत नाही."

"मी प्रमुख आहे!"

"म्हणूनच."

त्यानं मागं पाहिलं. आज सगळे आपल्या चपलांकडे नाही, त्याच्याचकडे बघत होते. आन्सेल्मोचा चुलतभाऊ म्हणाला, "उचल की रे बाबा, तळं जाईल." त्या चुलतभावाला आज कंठ फुटला होता, याचाही सेबेरिनाला रागच आला. इलारियो वाकला. चादरीची टोकं त्यानं खांद्यावरून घेतली, छातीवर गाठ मारली, आणि त्याचे गुडघे किंचित लवले.

"काय आहे यात एवढं?" त्याच्या तोंडून गेलं.

"घर आहे," फौस्ता म्हणाली. तिला चौघांनी अंगावरच्या लोकरी पोंचोच्या झोळीत घातली होती आणि ती त्यात राणीसारखी पसरली होती.

फेरी निघाली. सेबेरिनाच्या पाठीवर फौस्ताचं बोचकं, पुढे इलारियो, त्याच्या पाठीवर सेबेरिनाचं, आणि धारेधारेनं पलीकडच्या अंगाला कोचामार्काची माणसं बघत चाललेली. त्यांना हातातोंडाशी आलेलं एक तळं गमावून करमणूक मिळाली होती, ती ते सोडणार नव्हते. चढावर इलारियो थांबला की सेबेरिनाही थांबायची. पुढे गेली नाही, चिडवलंही नाही. तेवढा मान तिनं बोचक्याचा राखला.

शेवटच्या ढिगाशी जोडीदार एकमेकांची बोचकी उतरवतात, आणि उतरवताना घराचं नाव घेऊन ओझं परत करतात. त्यावाचून शंख नाही. सेबेरिनानं फौस्ताचं बोचकं सोडलं, दोन्ही हातांवर धरलं आणि झोळीपुढे उभी राहून खणखणीत म्हणाली, "फौस्ताच्या घराचं ओझं, फौस्ताच्या हातात." फौस्ताचा दीर खाली मान घालून उभा होता. फौस्तानं बोचकं घेतलं आणि छातीशी धरलं.

मग इलारियोनं गाठ सोडली. घामानं त्याचा सदरा पाठीला चिकटला होता. तो जमिनीकडे बघत काहीतरी पुटपुटला आणि बोचकं तिच्याकडे सारून शंखाकडे वळला.

सेबेरिनानं बोचकं घेतलं नाही. हात मागं बांधून उभी राहिली.

"ऐकू आलं नाही," ती म्हणाली.

"म्हणालो की."

"मेल्चोरदादा, तिकडं ऐकू आलं का हो?"

पलीकडच्या धारेवरून मेल्चोरनं हात कानाला लावला. "नाही!"

इलारियोनं तिच्याकडे पाहिलं. ती हलली नाही, डोळेही खाली घातले नाहीत. वाऱ्यात तिच्या वेण्या उडत होत्या. शेवटी त्यानं मोठा श्वास घेतला आणि दोन्ही डोंगरांना ऐकू जाईल असा ओरडला, "सेबेरिनाच्या घराचं ओझं, सेबेरिनाच्या हातात!"

"आता फुंक," सेबेरिना म्हणाली आणि तिनं बोचकं घेतलं.